धुतलेलं अंथरूण

एसटीचं स्टेअरिंग सोडून काकासाहेब गाडेकरांना बरीच वर्षं झाली, पण रुबाब काही उतरला नाही. छावणीजवळच्या त्यांच्या कॉलनीत कुणाची गाडी आडवी लागली की पहिला आवाज त्यांचाच. मनानं म्हणाल तर लोणी, पण मानपानाच्या बाबतीत माणूस लई कडक. चुलतभावाच्या पोरीच्या लग्नात कुणीतरी घडी मोडलेला टॉवेल आहेर म्हणून त्यांच्या हातात ठेवला, तर गृहस्थ पानावरून उठून थेट बाहेर. त्यांची बायको सारजाबाई भर मांडवातून त्यांच्या मागं धावली. आपल्याकडं कापड द्यायचं तर कोरं द्यायचं. घडी मोडलेली चालत नाही, आणि पाणी लागलेलं कापड दिलं म्हणजे तर समोरच्याचा अपमानच. नव्या कापडाच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावायचं, देवापुढं ठेवायचं आणि मग वापरायला काढायचं, ही त्यांच्या घरातली रीत.

अशा माणसाच्या घरात दोन गिनीपिग मुक्कामाला आले, हीच मुळात गंमत.

त्याचं असं झालं. लेक मंजुषा नाशिकला असते. तिचं दुसरं बाळंतपण जवळ आलं, डॉक्टर तिकडचाच, म्हणून सारजाबाई बोचकं बांधून नाशिकला गेल्या. तान्ह्या बाळाच्या घरात पिंजरा नको, असं सगळ्यांचं ठरलं, आणि मोठी नात संस्कृती हिनं रडून रडून डोळे सुजवून आपले दोन गिनीपिग आबांच्या हवाली केले. एकीचं नाव बुंदी, दुसरीचं खारीक.

"आबा, सुट्टीत मी न्यायला येईन तेव्हा या दोघी मला अश्शाच पाहिजेत," ती म्हणाली.

"अशाच म्हंजे कशा?"

"खूश!"

काकासाहेबांनी शब्द दिला. त्या दिवशी मनात मात्र म्हणाले, एवढ्या बसा हाकल्या आयुष्यभर, आता उंदरं सांभाळायची वेळ आली. पण काय सांगावं, आठवडाभरात ती उंदरं त्यांच्या गळ्यातला ताईत होऊन बसली. कोथिंबिरीच्या पिशवीचा नुसता आवाज झाला की दोघी मागच्या पायांवर उभ्या राहून कुईं कुईं करून घर डोक्यावर घ्यायच्या. सारजाबाई नसताना रिकाम्या घरात आपली वाट बघणारं कुणीतरी आहे, हे काकासाहेबांना फार बरं वाटायचं. फोनवर ते कुणाला तसं सांगायचे नाहीत, पण भाजीबाजारात कोथिंबीर मात्र हुंगून हुंगून घ्यायला लागले.

अडचण एकच होती, अंथरुणाची. पिंजऱ्यात त्यांनी वर्तमानपत्रं घातली, तर दुपारपर्यंत त्यांचा लगदा. मग लाकडाचा भुसा आणला, तर खारीक शिंकायला लागली. घरात आंबूस वास भरला तो वेगळाच. भिंतीपलीकडच्या शाइस्ताच्या हे लक्षात आलं.

शाइस्ता म्हणजे मुख्तारची बायको. मुख्तार वाळूजला कंपनीत, शिफ्टची ड्यूटी. ही घरी शिवणकाम करते. गेल्या वर्षी काकासाहेबांनी तिला छावणीच्या मैदानावर रोज सकाळी स्कूटी शिकवली होती. "अगं, समोर बघ, हँडलकडं काय बघतीस!" असं ओरडून ओरडून शिकवली, पण शिकवली. तेव्हापासून ती फॉलचे, ब्लाउजचे गठ्ठे घेऊन पार दौलताबादपर्यंत एकटी जाऊन यायची. मुख्तारच्या सुट्टीची वाट बघायला लागायची नाही. काकांचे हे उपकार कसे फेडायचे, असं तिच्या मनात सारखं असायचं.

एक दिवस ती दारात आली ती हातात गुंडाळी घेऊन.

"काका, तुमच्या मेहमानांसाठी बिछाना."

काकासाहेबांनी उलगडून बघितला. वर फ्लीसचं निळं मऊ कापड, मुलांच्या ब्लँकेटला असतं तसलं. मध्ये जाड टॉवेलचा थर, खाली अजून एक कापड, चारी बाजूंनी सुबक पट्टी. शिवण बघून कुणीही वाहवा केली असती. काकासाहेबांची बोटं मात्र कापडावर अडकली. निळा रंग जरा उतरलेला. कापडावर बारीक गोळे आलेले. साबणाचा वास.

"धुऊन आणलंय काका, तसंच अंथरा," शाइस्ता म्हणाली. "त्याचं असं असतं की..."

"कळलं, कळलं," काकासाहेब म्हणाले. "ठेव तिथं."

तिला दौलताबादला गठ्ठा पोचवायचा होता. ती हसून गेली. आणि इकडं काकासाहेबांचा पारा चढला. धुतलेलं! कुणाच्या तरी पोराचं वापरून झालेलं ब्लँकेट फाडून शिवलं आणि मला आणून दिलं! मी हिला पोरीसारखं समजतो, अन् हिनं माझी ही किंमत केली! त्यांनी तो बिछाना दिवाणाखालच्या पेटीत टाकला, वर झाकण आपटलं आणि तडक शहरात जाऊन गुलमंडीतून त्याच जातीचं कोरं करकरीत कापड घेऊन आले. गल्लीतल्या सखाराम टेलरकडून दोन बिछाने शिवून घेतले. लाल रंग, वर पांढरे ठिपके. कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावलं, देवापुढं ठेवलं, पिंजऱ्यात अंथरलं आणि संस्कृतीला फोटो पाठवला. "नवीकोरी गादी घातली बघ तुझ्या लेकींना!"

नातीनं बदामांची रांग पाठवली. काकासाहेब खूश.

बुंदी-खारीक काही खूश नव्हत्या.

त्या कापडावर ओलं पडलं की ते अळूच्या पानावरच्या पाण्यासारखं नुसतं डुलत राहायचं. खाली टॉवेल कोरडा ठणठणीत, वर ही थारोळी, आणि त्यात या दोघींचे चिमुकले पाय. काकासाहेबांना वाटलं, कापड अजून ताठ आहे, जरा मऊ केलं म्हणजे जिरेल. त्यांनी सारजाबाईंच्या मोरीतली कपडे मऊ अन् वासाचे करायची ती गुलाबी बाटली काढली आणि टोपणामागून टोपण ओतून बिछाने बुचकळून काढले. कापड मऊ झालं, घर मोगऱ्यासारखं घमघमलं, आणि पाणी होतं त्याहून जास्त तरंगायला लागलं.

बिछाने गच्चीवर वाळत घालायचे. हळदकुंकवाचा ठिपका धुऊनही पुसट दिसायचा. शेजारच्या गच्चीवर शाइस्ता कपडे काढायला आली. तिनं दोरीवरचे ते लाल बिछाने बघितले, कोपऱ्यावरचा ठिपका बघितला. आपला निळा कुठं दिसतो का म्हणून इकडंतिकडं बघितलं. मग कपड्यांचा ढीग छातीशी धरून खाली उतरली. दुसऱ्या दिवसापासून तिची सकाळची "सलाम, काका" ही हाक बंद झाली. स्कूटी काढायची, मान खाली, निघून जायची. काकासाहेबांना वाटलं, बरोबर आहे, चोराच्या मनात चांदणं. अहो, काय हा माणूस! चोर कोण आणि चांदणं कुणाच्या मनात!

आणि एका सकाळी कोथिंबिरीची पिशवी वाजली, तर खारीक एकटीच धावत आली. बुंदी कोपऱ्यात बसून होती. एक पाय वर धरलेला. काकासाहेबांनी तिला तळहातावर उलटी घेतली. तळपाय लालबुंद, पोटाखालचे केस ओले.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. संस्कृतीला दिलेला शब्द आठवला. टोपलीत टॉवेल घालून दोघींना घेतलं आणि रिक्षा करून जनावरांच्या डॉक्टरकडं. सोनिया मॅडम म्हणून एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं बुंदीचे पाय भिंगातून बघितले, औषध लावलं आणि विचारलं, "खाली काय अंथरता?"

"फ्लीस. एकदम कोरं," काकासाहेब ताठ होऊन म्हणाले.

"न धुता?"

"अंथरलं तेव्हा न धुताच की! कोरं म्हंजे कोरं! नंतर तेवढं वासाच्या गुलाबी लिक्विडमधून काढलं."

डॉक्टरीण हसली नाही. तिनं शांतपणे सांगितलं, "काका, हे कापड कारखान्यातून येतं तेव्हा पाणी झिडकारतं. ते आधी गरम पाण्यात, साध्या पावडरनं पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. चार वेळा, पाच वेळा. मग कुठं ओल खालच्या टॉवेलमध्ये उतरते आणि वरचं कोरडं राहतं. आणि ते वासाचं लिक्विड अजिबात नको. त्यानं कापड परत तसंच होतं. पायाला अजून जखम नाही, तुम्ही वेळेवर आलात. पण आजपासून कोरडं अंथरूण पाहिजे, आजपासून. पाय चिघळला तर मग अवघड असतं."

"चार-पाच वेळा?" काकासाहेब पुटपुटले.

"लोक एकदा धुतात आणि कंटाळतात," ती म्हणाली.

रिक्षात बसल्यावर काकासाहेबांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पाणी. आपल्या शहरात नळाला पाणी येतं ते आठवड्यातनं एखाद्या वेळी. ज्या दिवशी येतं त्या दिवशी बायका पहाटेपासून पिंपं, घागरी, पातेली भरत असतात. शाइस्ताकडं टाकीसुद्धा छोटी. त्या पाण्यातनं तिनं तो बिछाना चार-चार, पाच-पाच वेळा धुतला? गरम करून? माझ्या उंदरांसाठी?

घरी येऊन त्यांनी पेटीतनं तो निळा बिछाना काढला. फरशीवर पसरला आणि पेलाभर पाणी ओतलं. पाणी क्षणभरही थांबलं नाही, आत गेलं. वरनं हात फिरवला तर कापड जवळजवळ कोरडं. मग लाल बिछान्यावर ओतलं. तिथं पाण्याचं तळं झालं. काकासाहेब गुडघ्यावर बसून त्या तळ्याकडं बघत राहिले. आणि मग निळा बिछाना पुसून, दोन तास उन्हात टाकून, त्यावर बुंदीला अलगद ठेवलं. तिनं वर धरलेला पाय हळूच खाली टेकवला.

काकासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं घळाघळा आलं.

संध्याकाळी नाशिकहून फोन. सारजाबाईंचा आवाज फुललेला. "अहो, मुलगी झाली! दोघी चांगल्या हायेत! लई गोरी गोमटी हाय!"

"देवा, देवा!" काकासाहेबांनी देव्हाऱ्यापुढं मान लववली. "मी पाठवलेलं ते नवं झबलं घातलं का तिला? जरीचं?"

"वेडे का काय तुम्ही! तान्ह्या जिवाला नवं घालत्यात व्हय? टोचतंय ना! माझं ते जुनं सुती पातळ नाय का, धुऊन धुऊन मऊ झालेलं, त्याचं झबलं शिवलं. तुमच्या जुन्या पंच्याची बाळुती केली. बारशापर्यंत जुनंच चालायचं. कळंना का तुम्हाला एवढं?"

काकासाहेबांची नजर पिंजऱ्यातल्या निळ्या बिछान्याकडं गेली. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. बिछाना, पेटी, गुलमंडी, हळदकुंकू, बुंदीचा पाय. सारजाबाई ऐकत होत्या.

"तिनं तुमचा तो लाल बिछाना बघितला?" त्यांनी विचारलं.

"बघितला असंल. गच्चीवर होता. त्या दिवसापासनं बोलंना झालीय."

"कशी बोलंल? तिनं हातानं शिवून दिलेलं तुम्ही पेटीत टाकलं. दुसरं आणलं, अन् वर त्याला हळदकुंकू लावलं. तिला काय वाटलं असंल? मुसलमानाच्या घरचं कापड काकांनी घरात ठेवलं नाय, नवं आणून शुद्ध करून घेतलं. हेच वाटलं असंल ना?"

हे काकासाहेबांच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मुख्तारच्या बापाबरोबर त्यांनी एका ताटात जेवण केलेलं. ईदला शीरखुर्म्याचा पहिला वाडगा त्यांच्या घरी यायचा. त्यांना आपला अपमान दिसला होता, निळ्या कापडाचा उतरलेला रंग दिसला होता. पलीकडच्या घरात एक पोरगी इतके दिवस काय गिळून बसली असेल, हे दिसलं नव्हतं.

"आता काय करू गं?" ते म्हणाले. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी बायकोला पहिल्यांदाच विचारला असावा.

"जा अन् सांगा. फोनवर मला सांगून काय उपेग?"

सकाळी ते मुख्तारच्या दारात उभे राहिले. शाइस्ता मशीनवर बसली होती. त्यांना बघून उठली, ओढणी डोक्यावर घेतली. "या काका," म्हणाली, पण नजर खालीच. मुख्तार ड्यूटीवर गेलेला. काकासाहेब आत गेले नाहीत, पायरीवरच बसले.

"शाइस्ता, मी तुला सांगायला आलोय. मधे बोलू नको, नायतर माझ्यानं सांगणं व्हायचं नाय." ते घसा खाकरून म्हणाले. "तू बिछाना दिलास तेव्हा मला वाटलं, कुणाचं तरी वापरलेलं दिलं. धुतलेलं होतं ना. मला लई लागलं. मानाचं येडं हाय माझ्या डोक्यात. म्हणून मी पेटीत टाकलं अन् नवं आणलं. हळदकुंकू तर मी नव्या रुमालालाबी लावतो. दुसरं काय नव्हतं माझ्या मनात. देवाशपथ सांगतो, तसलं काय नव्हतं."

शाइस्तानं मान वर केली. मग म्हणाली, "मी मुख्तारला पण नाय सांगितलं काका. म्हटलं, त्याला कशाला दुःख. मीच विचार करत राहिले. एवढं स्कूटी शिकवलं, पाठीवर हात ठेवला, आणि हातचं कापड..." तिनं मशीनवरच्या कापडाची कड सरळ केली. "मला वाटलं, लोक आतून वेगळेच असतात."

"मी येडा हाय पोरी, पण तसला नाय."

"हौ," ती ओढणीनं डोळे पुसत म्हणाली. "तसले नाय तुम्ही. येडे मात्र हायेत."

काकासाहेब हसले, आणि हसता हसताच त्यांनी तिच्यापुढं हात जोडले. वडीलधाऱ्या माणसानं हात जोडलेले बघून ती गडबडली. "काका, असं नक्को करा!"

"करू दे. बुंदीचा पाय वाचला तुझ्या बिछान्यानं. काल रातीपासून त्या दोघी त्याच्यावर पसरून झोपल्यात. किती वेळा धुतलास गं?"

"पाणी जिरंपर्यंत," ती म्हणाली. "मोबाईलवर बघून शिकले. पहिल्यांदा तर कापड नुसतं पोहत होतं. नळाच्या दिवशी मुख्तार म्हणाला, आज आपले कपडे राहू दे, काकांच्या मेहमानांचं धू." मग तिनं त्यांना नीट समजावलं. बिछाना काढला की आधी बाहेर झटकायचा, लेंड्या आणि केस ब्रशनं काढायचे, नाहीतर धुवायचं मशीन तुंबतं. मग जुन्या उशीच्या खोळीत घालून तोंड बांधायचं, साधी पावडर, थोडा व्हिनेगर, आणि कडक ऊन. काकासाहेब शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते. लाल बिछानेही असेच धुऊन सुधारतात, असं ती म्हणाली, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

उठताना ते घुटमळले. शेवटी म्हणाले, "मंजूला मुलगी झाली काल."

"अल्ला! मुबारक काका, मुबारक!" शाइस्ता टाळी वाजवून हसली. तिचा चेहरा इतक्या दिवसांनी उजळला. "मी झबलं शिवते. साटीनचं, झालरवालं!"

"झालर नको." काकासाहेब पुन्हा पायरीवर टेकले. "सारजा बारशाला दुपटं शिवणार हाय. जुन्या कापडांचं. घरोघरीचं जुनं कापड घेत्यात त्याला, आपल्या माणसांचं. तुझ्या घरातलं एक दे. तुझी एखादी ओढणी. वापरून वापरून मऊ झालेली."

शाइस्ता त्यांच्याकडं बघतच राहिली. "वापरलेली? बाळाच्या अंगाला?"

"व्हय. पहिल्यांदा तीच लागू दे तिच्या अंगाला."

ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा हातात एक पिवळी मलमलची ओढणी होती, कडा विरलेली. तिच्या निकाहनंतर पहिल्या वर्षी घेतलेली, असं ती म्हणाली. आणि ती काकासाहेबांच्या हातात देण्याआधी पटकन मागं घेतली.

"थांबा काका. धुऊन देते."

"दे," काकासाहेब म्हणाले, आणि ती वाळेपर्यंत तिच्या पायरीवर बसून राहिले.